पितळी बाटलीचा धनी

शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या माणसाचे नाव चौकाला देतात, शाळेला देतात, फार तर टपाल तिकिटावर छापतात. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेनच्या वाट्याला हे सारे आलेच. पण जगातल्या संशोधन जहाजांवर पाऊणशे वर्षे त्याचे नाव रोज घेतले गेले, ते हातभर लांबीच्या एका पितळी नळकांड्यामुळे! नान्सेन उतरवा, नान्सेन वर घ्या, नान्सेनची तोटी जाम झाली आहे, तिला ग्रीस लावा... माझ्या नोकरीची पहिली वर्षे असल्याच हाका ऐकण्यात गेली. बरोबरच्या कित्येक खलाशांना नान्सेन हे एखाद्या कारखान्याचे नाव वाटे, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? बाटलीवर ना त्याचा चेहरा, ना त्याची कहाणी.

मी बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकरचा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला आमचा हा ऊसपट्टा. समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडून पलीकडे उतरावे लागते. अशा गावचा मुलगा समुद्राच्या पाण्याचे तापमान आणि खारटपणा मोजणाऱ्या उपकरणांची देखभाल करायला जातो, याचे गावाला पहिल्यापासून नवल. सुट्टीत आलो की पारावर बसलेले अण्णा-तात्या हटकून विचारीत, की समुद्राचे पाणी खारट असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग त्यात मोजायचे ते काय? प्रश्न मोठा बिनतोड होता. त्याचे उत्तर मला नान्सेनच्या आयुष्यात सापडले, म्हणून ते आज वाचकांपुढे ठेवतो.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा. गाव ख्रिश्चानिया, म्हणजे आजचे ऑस्लो. तेही शहराबाहेरच्या एका शेतावाडीवर. वडील वकील, शिस्तीचे आणि देवभीरू. आई मात्र त्या काळी बायकांनी करू नये असे मानले जाणारे स्कीइंग उत्तम करणारी. मुलगा आईवर गेला. जंगलात एकट्याने दिवसचे दिवस काढणे, बर्फावरून लांबलांब घसरत जाणे, हा त्याचा पोरवयातला उद्योग. पुढे विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र घेतले, त्याचेही एक कारण म्हणजे त्या विषयात घराबाहेर राहायला मिळेल ही आशा.

ती आशा लवकरच फळाला आली. १८८२ साली वीस वर्षांचा नान्सेन 'वायकिंग' नावाच्या सील शिकारी जहाजावर चढला. ग्रीनलंडच्या पूर्वेला जहाज बर्फात अडकले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तसेच वाहत राहिले. इतरांना तो अडकलेला वेळ फुकट वाटला असेल. हा पोरगा मात्र बर्फ कुठे तयार होतो, कुठून वाहत येतो, पाण्याचे तापमान किती, याच्या नोंदी करीत बसला. त्या बर्फातल्या लाकडाच्या ओंडक्यांकडेही त्याचे लक्ष गेले. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर झाडे नाहीत, मग हे लाकूड आले कुठून? हा प्रश्न त्याच्या डोक्यात दहा वर्षे मुरत पडला.

मधली काही वर्षे बर्गेनच्या संग्रहालयात गेली. तिथे त्याने क्षुद्र प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला आणि १८८६ साली इटलीतल्या पाव्हियाला जाऊन गॉल्जी या विख्यात शास्त्रज्ञाकडून मज्जापेशी रंगवून पाहण्याची पद्धत समजावून घेतली. १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी पाच साथीदारांना घेऊन त्याने ग्रीनलंडचे बर्फाळ पठार स्कीवरून पार केले. आधीचे लोक वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि जमले नाही तर माघारी येत. याने ओसाड पूर्व किनाऱ्यावरून सुरुवात केली. मागे काही नाही, जेवण आहे ते पुढेच! सहाही जण सुखरूप पोचले. १८८९ च्या वसंतात तो परतला तेव्हा ख्रिश्चानियाचे रस्ते माणसांनी फुलले होते, आणि त्याच वर्षी एव्हा सार्स या गायिकेशी त्याचे लग्न झाले.

आता त्या ओंडक्यांकडे वळू. 'जनेट' नावाचे एक अमेरिकन जहाज १८८१ साली सैबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडले. तीन वर्षांनी त्या जहाजावरच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. म्हणजे सैबेरियाहून ग्रीनलंडकडे, थेट ध्रुवीय समुद्रातून, बर्फ वाहत येत असला पाहिजे. मग आपणही जहाज मुद्दाम त्या बर्फात अडकवावे आणि बर्फाबरोबर वाहत जावे, असा नान्सेनचा बेत. जाणत्या ध्रुवीय प्रवाशांनी त्याला वेड्यात काढले. जहाज बर्फात अडकू नये म्हणून तर सारी खटपट, आणि हा म्हणतो अडकवा! पण नॉर्वेच्या संसदेने पैसे दिले, कॉलिन आर्चर या कसबी माणसाने अशा गोल बुडाचे जहाज बांधले की बर्फाने आवळले तर ते चिरडण्याऐवजी वर उचलले जावे. एव्हाने त्याचे नाव ठेवले 'फ्राम', म्हणजे पुढे. २४ जून १८९३ रोजी तेरा जणांच्या मोहिमेसह फ्राम निघाले. घरी पाच-सहा महिन्यांची लेक होती.

या प्रवासाची साहसकथा आपल्याकडच्या मुलांच्या पुस्तकांतूनही येऊन गेली आहे. त्या कथांत सहसा न येणारी गोष्ट आम्हा उपकरणवाल्यांना अधिक जवळची. ध्रुवीय समुद्र उथळ असणार अशी त्या काळची समजूत होती आणि नान्सेनचीही तीच. त्यामुळे खोली मोजायची दोरी फारशी लांब घेतलीच नव्हती. बर्फात पक्के अडकल्यावर दोरी सोडतात तो तळच लागेना! तेव्हा या मंडळींनी जहाजावरचा एक पोलादी दोर उकलला, त्याचे पीळ सुटे केले आणि बर्फावर उघड्यावर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, ते पुन्हा वळून चार हजार मीटरहून अधिक लांबीची तार तयार केली. ती सोडली तेव्हा कळले, की खाली तीन-साडेतीन हजार मीटरपेक्षाही खोल समुद्र आहे. पृथ्वीच्या माथ्यावर एक अख्खा महासागर आहे हे जगाला कळले ते त्या हाताने वळलेल्या तारेने. गावी कुणाच्या विहिरीवर मोटेचा नाडा तुटला की तो पुन्हा वळणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. ते काम उघड्या हातांनी, उणे तीस-चाळीस अंशांत कसे केले असेल, याची कल्पना करून पाहावी.

तारेला तापमापक आणि पाणी धरणारी बाटली बांधून ते खोलखोल सोडू लागले तेव्हा दुसरे नवल पुढे आले. वरचे पाणी गोठण्याच्या बेतात असलेले, थंडगार आणि कमी खारट. पण साधारण दोनशे मीटरच्या खाली गेले की तापमान शून्याच्या वर चढे आणि आठशे-नऊशे मीटरपर्यंत तसेच राही. थंड पाण्याच्या खाली ऊबदार पाणी! आपल्या मनाला हे उलटे वाटते. ऊन पाणी वर यावे, जड गार पाणी खाली बसावे. ते तसे होत नव्हते याचे कारण मीठ. खालचे पाणी अटलांटिकमधून आलेले, खारट, म्हणून ऊबदार असूनही जड. वरचे पाणी सैबेरियाच्या मोठमोठ्या नद्यांमुळे गोडसर, म्हणून थंड असूनही हलके. त्या हलक्या पाण्याचे झाकण मधे असल्यामुळेच खालची ऊब वरच्या बर्फापर्यंत पोचत नव्हती. पारावरच्या मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. समुद्राचे पाणी खारट असते एवढे कळून भागत नाही. कुठले पाणी किती खारट, यावर कुठले पाणी वर राहील आणि कुठले खाली जाईल हे ठरते, आणि त्यावर प्रवाह, बर्फ, हवामान यांचा सारा व्यवहार चालतो.

आणखी एक निरीक्षण. वारा ज्या दिशेला वाहतो त्याच दिशेला बर्फ जात नाही, थोडा उजवीकडे कलून जातो, हे नान्सेनने टिपले. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम असला पाहिजे हेही त्याने ताडले आणि गणित करायला वाग्न एकमन या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याकडे दिले. एकमनने त्यातून उभा केलेला सिद्धांत आज समुद्रशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खालचे गार, सकस पाणी वर येते आणि मासळीला खाद्य मिळते, त्याचा हिशोबही याच सिद्धांताने मांडतात. स्वतःच्या हाती लागलेला असा प्रश्न दुसऱ्याच्या हवाली करायला मन मोठे लागते, असे मला वाटते.

जहाज ध्रुवाला स्पर्श न करताच पुढे जाणार हे दिसल्यावर १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि ह्यालमार योहानसेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन पायी निघाले. ८ एप्रिलला ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशावर पोचले. तोवर माणूस इतक्या उत्तरेला कधी गेला नव्हता. तिथून माघारी वळले आणि चारच दिवसांनी एक साधी गोष्ट घडली. थकलेल्या त्या दोघांनी घड्याळांना किल्ली द्यायचे विसरून आधीच झोप घेतली, आणि दोघांचीही घड्याळे बंद पडली! घड्याळ नाही म्हणजे रेखांश नाही, रेखांश नाही म्हणजे आपण पूर्वेला आहोत की पश्चिमेला याचा पत्ता नाही. पुढचे कित्येक महिने ती दोन माणसे अंदाजाने चालत राहिली. दगड आणि वॉलरसच्या कातड्यांची झोपडी करून, अस्वलाचे मांस खाऊन त्यांनी एक अख्खा हिवाळा काढला. १७ जून १८९६ रोजी फ्रान्झ योसेफ बेटांवर फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज प्रवासी त्यांना अवचित भेटला तेव्हा कुठे आपण नेमके कुठे आहोत ते कळले. ऑगस्टमध्ये ते दोघे नॉर्वेला पोचले आणि काय योगायोग पाहा, त्याच सुमारास ओट्टो स्वेरड्रुपच्या हाताखाली फ्रामही बर्फातून मोकळे झाले. तेराच्या तेरा जण जिवंत परतले.

इथवरचा नान्सेन जगाला माहीत आहे. मला मात्र त्यानंतरच्या सहा-आठ वर्षांतला नान्सेन अधिक थोर वाटतो.

जगभर सत्कार चालू असताना हा माणूस घरी बसून आपल्याच आकड्यांकडे संशयाने पाहत होता. खोल समुद्रात पाणी सगळीकडे जवळजवळ सारखेच खारट असते. एक हजार भागांत सुमारे पस्तीस भाग मीठ. एका ठिकाणचे आणि दुसऱ्या ठिकाणचे पाणी यांतला फरक दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावर दिसतो. फ्रामवरची खारटपणाची मापे तेवढी काटेकोर नव्हती. तिथे पोचण्यासाठी जीव धोक्यात घातला होता हे खरे. पण त्यामुळे माप अचूक ठरत नाही, आणि तसे त्याने आपल्या शास्त्रीय लिखाणात उघडपणे मांडलेही. आपल्याकडे सत्काराची शाल अंगावर असताना असे लिहिणारे किती निघतील?

नुसते लिहून तो थांबला नाही. उत्तर युरोपातल्या देशांनी १९०२ साली समुद्राच्या एकत्रित अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन केले. त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा ख्रिश्चानियात निघाली आणि तिचा प्रमुख नान्सेन झाला. सर्व देशांच्या जहाजांनी एकाच मापाने मोजावे, उपकरणे तपासून घ्यावीत, नवी घडवावीत, हे तिचे काम. डेन्मार्कच्या मार्टिन क्नूडसेनने त्याच काळात खारटपणाची कोष्टके तयार केली आणि प्रमाण पाण्याची प्रथा रूढ केली. समुद्राचे पाणी गाळून, नीट तपासून, काचेच्या नळ्यांत सील करून देशोदेशी पाठवायचे. ज्याने त्याने आपले मोजमाप त्या पाण्याशी ताडून पाहायचे. सोनाराच्या तराजूला जशी वजने लागतात, तसे हे पाणी. पुढे कित्येक दशके जगातली जहाजे आपला समुद्र कोपनहेगनच्या पाण्याशी ताडून घेत.

शेतकरी वाचकांना हे परके वाटू नये. आमच्या भागात कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पाण्याचा वापर वाढला आणि निचरा नसलेल्या रानांत मीठ वर येऊ लागले. जमिनी आधी खारवट झाल्या, काही पुढे चोपण. माझ्या चुलत्यांचे कालव्याखालचे एक रान असेच गेले. कोरड पडली की पांढरी खपली धरणारे. आज माती परीक्षणाला नेली की प्रयोगशाळेत तिची विद्युतवाहकता मोजतात. क्षार जास्त तर वीज जास्त वाहते, हे साधे तत्त्व. मातीच्या अर्काचा आकडा चारच्या वर गेला तर जमीन क्षारयुक्त समजतात. समुद्राच्या पाण्याचा हाच आकडा पन्नासच्या आसपास असतो. समुद्रातले आजचे इलेक्ट्रॉनिक यंत्रही याच तत्त्वावर खारटपणा सांगते. आणि दोन्हीकडची पहिली अट एकच, की मापक ठरलेल्या ताकदीच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाशी आधी जुळवून घेतला पाहिजे, आणि दर नमुन्यानंतर स्वच्छ पाण्याने धुतला पाहिजे. हे न करता निघालेल्या आकड्यावर जिप्समच्या गोणी आणणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

आता त्या बाटलीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे. खोल पाण्याचा नमुना वर आणायचा तर तो वाटेत दुसऱ्या पाण्यात मिसळता कामा नये, ही अडचण जुनीच. ओट्टो पेटरसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने एक बाटली केली होती, ती नान्सेनने सुधारली. पुढे १९१० च्या सुमारास जी सुटसुटीत पितळी बाटली तयार झाली, तिलाच नान्सेन बाटली म्हणतात. साधारण सव्वा लिटर पाणी मावेल असे नळकांडे, दोन्ही टोकांना तोट्या, आणि त्या एका दांड्याने जोडलेल्या. बाटली उघड्या तोंडांनी तारेला बांधायची. एका तारेवर दहा-बारा बाटल्या, ठरावीक अंतरावर. मग तारेवरून पितळेचे एक वजन सोडायचे. आम्ही त्याला मेसेंजर म्हणत असू, निरोप्याच तो! तो घसरत जाऊन पहिल्या बाटलीच्या वरच्या पकडीवर आदळतो. पकड सुटते, बाटली खाली डोके वर पाय अशी उलटते, उलटताना दोन्ही तोट्या बंद होतात, आणि तिच्या खाली लटकवलेला दुसरा निरोप्या सुटून पुढच्या बाटलीकडे निघतो. तारेवर तळहात ठेवला की प्रत्येक बाटली उलटल्याचा बारीकसा टणका हाताला जाणवे. दहा बाटल्या असल्या तर दहा टणके मोजायचे. नववा आला आणि दहावा आला नाही, तर एवढा वेळ खर्चून केलेले काम त्या खोलीपुरते वाया.

बाटली उलटण्यातच खरी खुबी आहे. तिच्या अंगाला खास तापमापक लावलेले असतात. लंडनच्या नेग्रेटी अँड झाम्ब्रा या पेढीने १८७४ साली आणलेली ही युक्ती. तापमापक उलटला की त्यातला पारा एका अरुंद जागी तुटतो आणि त्या खोलीवरचे तापमान तिथेच कैद होते. वर येताना कितीही ऊन पाणी लागले तरी बदलत नाही. असे दोन तापमापक शेजारी लावत. एक जाड काचेत बंद, दाबापासून सुरक्षित, दुसरा उघडा. दर शंभर मीटरला पाण्याच्या दाबाने उघडा तापमापक साधारण एक अंश जास्त दाखवतो. दोघांतल्या फरकावरून बाटली प्रत्यक्षात किती खोल गेली ते काढता येई. तार प्रवाहाने तिरपी झाली असेल तरी फसगत नाही. पाऱ्यातून खोली काढणाऱ्या त्या डोक्यांना मी आजही हात जोडतो.

आमचे काम मात्र निगुतीचे, आणि पाहणाऱ्याला कंटाळवाणे. बाटल्या उतरवल्यावर तापमापक स्थिर व्हायला दहा मिनिटे थांबायचे. पाऊस असो, जहाज डोलत असो, घाई करायची नाही. वर आल्यावर आधी नमुन्याची काचेची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. तापमापक भिंगातून दोघांनी वेगवेगळे वाचायचे, आणि एकाने आपला आकडा दुसऱ्याला आधी सांगायचा नाही. काम झाले की प्रत्येक बाटली गोड्या पाण्याने धुवायची, तोट्या फिरवून पाहायच्या, ग्रीस लावायचे. तेही बेताने, कारण जास्त झाले तर नमुन्यात उतरते. तापमापक उभेच ठेवायचे. रात्री तीनला अरबी समुद्राच्या मध्यावर, डोळ्यांवर झोप असताना, हे सारे त्याच क्रमाने. भारताने १९६२ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत नौदलाचे 'कृष्णा' हे जहाज पाठवले आणि त्या मोहिमेतूनच पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्याच्या दोना पावला इथल्या या संस्थेचे नाव बहुतेक वाचकांच्या कानांवर असेल. त्या पिढीतल्या लोकांनी अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हाताने मोजला. एक खारट, दुसरा गंगा-ब्रह्मपुत्रेमुळे वरून गोडसर. दोन्ही आपल्याच देशाला लागून, आणि स्वभाव किती वेगळे!

आज पितळी बाटल्या कपाटात गेल्या. १९६६ साली शेल निस्किनने प्लॅस्टिकची, उलटावी न लागणारी बाटली काढली. विद्युतवाहकता, तापमान आणि खोली एकदम सांगणारी सीटीडी यंत्रे आली. माणसावाचून दोन हजार मीटर खाली जाऊन दहा दिवसांनी वर येणारे आणि उपग्रहाला निरोप देणारे आर्गो तरंगक जगभर सुमारे चार हजार आहेत. पण सीटीडीच्या काचेच्या बारीक नळीत शेवाळाचा पापुद्रा धरला की आकडा हळूहळू खोटे बोलू लागतो, आणि तो खोटे बोलतोय हे आकड्याकडे पाहून कळत नाही. म्हणून आजही यंत्राबरोबर बाटल्या सोडतात, त्यांतले पाणी प्रयोगशाळेत तपासतात आणि यंत्राची साक्ष पडताळून पाहतात.

नान्सेनच्या संसाराची कहाणी थोडक्यात सांगावी अशीच आहे, कारण ती दुःखाची आहे. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्या वाटाघाटींत तो ओढला गेला आणि १९०६ पासून लंडनला देशाचा वकील म्हणून राहिला. डिसेंबर १९०७ मध्ये एव्हा न्यूमोनियाने गेली. तो वेळेत घरी पोचू शकला नाही. दक्षिण ध्रुवाचे स्वप्न त्याने मनात जपले होते, पण फ्राम जहाज त्याने तरुण रोआल आमुंडसेनला दिले आणि ध्रुव आमुंडसेनचा झाला. १९१३ साली धाकटा मुलगा गेला. त्याच वर्षी योहानसेनने, त्या झोपडीतल्या सोबत्याने, आत्महत्या केली.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्याला हाक मारली. तो पुन्हा समुद्राकडे वळू पाहत होता, तरी गेला. १९२० ते १९२२ या दोन वर्षांत रशियात आणि इतरत्र अडकलेले चार लाखांवर युद्धकैदी त्याने घरी पोचवले. रशियातल्या दुष्काळात सरकारांनी हात आखडता घेतला तेव्हा देशोदेशी फिरून लोकांकडून पैसे जमवले. ज्यांना कुठलाच देश आपला म्हणेना, अशा निर्वासितांसाठी १९२२ साली त्याच्या नावाचे पारपत्र निघाले आणि पुढे पन्नासहून अधिक देशांनी ते मान्य केले. स्ट्राविन्स्कीसारखा संगीतकार, शगालसारखा चित्रकार आणि असंख्य अनाम माणसे त्या कागदावर सरहद्दी ओलांडून गेली. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. ते पैसेही मदतकार्यात गेले. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीचा पुरस्कार मात्र त्यानेच केला. दहा लाखांहून जास्त माणसे घरादारातून उठली. ती उपासमारीपेक्षा बरी, असा त्याचा हिशोब असावा. १९४७ पाहिलेल्या आपल्या देशात हा हिशोब सहजासहजी गळी उतरत नाही, माझ्याही नाही.

१३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळच्या आपल्या घरी, सज्जात बसलेला असताना, तो गेला. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्याला निरोप दिला गेला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तो विमाननौकेतून आर्क्टिकच्या पाहणीची आखणी करीत होता. ग्राफ झेपेलिनने ते उड्डाण १९३१ च्या जुलैत केले, त्याच्यावाचून.

त्याचे नाव दिलेले जहाज १९७५-७६ मध्ये अरबी समुद्रात मासळीची पाहणी करून गेले. त्या नावाचे तिसरे जहाज २०१७ पासून काम करते आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली ती भाड्याने घेतलेल्या 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजातूनच. आणि ध्रुवाखालचा तो ऊबदार थर? अलीकडच्या मोजण्यांत असे दिसते, की आर्क्टिकच्या युरोप-सैबेरियाकडच्या भागात वरच्या गोडसर पाण्याचे झाकण विरळ होते आहे आणि खालची ऊब बर्फाच्या जवळ येते आहे. हा बदल किती, हे ठरवताना शास्त्रज्ञ शंभर वर्षांहून जुन्या नोंदी काढून बसतात. त्या यादीत सर्वांत वरचे साल आहे १८९३. फ्रामवरून, हाताने वळलेल्या तारेने घेतलेली तापमाने.